बाटलीतली धूळ आणि शिरोळची माती

जगातली बरीचशी धूळ हल्ली बाटलीत मिळते. ‘युरोपची धूळ’, ‘रशियन माती’, ‘आखाती युद्धातली वाळू’, ‘व्हिएतनामची माती’ अशी लेबलं लावलेल्या इवल्याशा बाटल्या, आत चार चमचे पावडर. स्केल मॉडेल, म्हणजे खऱ्या गाड्यांच्या मापात लहान केलेल्या प्रतिकृती, करणारे लोक त्या मळक्या दिसाव्यात म्हणून ही पावडर लावतात. त्यांतल्या पुष्कळांचा जीव रणगाड्यांत गुंतलेला, त्यामुळं जिथं जिथं रणगाडे फिरले तिथली माती कंपन्यांनी भरून ठेवली. जिथं नुसता ऊस फिरला तिथल्या मातीला कुणी विचारलं नाही.

माझ्या टेबलावर सध्या १:३२ मापाचा, म्हणजे खऱ्याच्या बत्तिसाव्या हिश्शाचा, ट्रॅक्टर आहे आणि त्याच्यामागं प्लॅस्टिकची शीट कापून केलेल्या दोन ट्रॉल्या. रंगकाम उत्तम झालंय, आणि म्हणूनच सगळं खोटं दिसतंय. ऐन गळीत हंगामात इतका स्वच्छ ट्रॅक्टर आमच्या कोल्हापूरच्या शिरोली नाक्यावर उभा राहिला तर लोक ड्रायव्हरकडं पेढे मागतील. तेव्हा त्याला मळवणं आलं.

पावडर निवडताना लोक रंगापासून सुरुवात करतात. मला वाटतं, आधी गाडी कुठून आली ते ठरवावं. आमच्या एका जिल्ह्यात मातीचे दोन मुलूख आहेत. पूर्वेला शिरोळकडं काळी, चिकट माती. पश्चिमेला पन्हाळा, गगनबावडा, राधानगरीकडं चढत जावं तशी जांभ्याची लाल. पावसानंतर फडातून नुकतीच निघालेली शिरोळची ट्रॉली आणि गगनबावड्याच्या रस्त्यानं आलेली ट्रॉली कारखान्याच्या गेटवर शेजारी उभ्या केल्या, तर नंबरप्लेट न वाचता कुठली कुठली ते सांगता येतं. आता याला ‘युरोपची धूळ’ फासली, तर ती धूळ कितीही सुरेख असो, ट्रॅक्टर परगावचा झाला.

दुसरी गोष्ट, धूळ सगळीकडं सारखी बसत नाही. रांगेत थांबलेल्या ट्रॉलीजवळ जाऊन नीट बघा. फाळक्याच्या (ट्रॉलीच्या बाजूच्या पत्र्याच्या) आतल्या बाजूला ऊस घासून रंग उडालेला असतो आणि पत्रा चकचकीत. बाहेरच्या बाजूला तळाच्या कोपऱ्यात पाणी साचतं, तिथं गंज. तोही एकरंगी नसतो: ताजा गंज नारिंगी, जुना जवळजवळ काळा, आणि बोल्टाच्या डोक्याखालून एक बारीक तपकिरी ओघळ सरळ खाली. मडगार्डच्या खालच्या अंगाला चिखलाचे पापुद्रे. चाकाच्या मधोमध ग्रीस पाझरतं, त्यावर बसलेली धूळ काळी आणि ओलसर, तर बाजूच्या टायरवर तीच धूळ वाळून राखाडी. एवढं बघून घरी आलं की कुठल्या पावडरी हव्यात त्याची यादी आपोआप होते, आणि ती दुकानातल्या सहा बाटल्यांच्या सेटशी कधीच जुळत नाही.

या पावडरींना पिगमेंट म्हणतात. खरं पिगमेंट म्हणजे नुसता रंग, धरून ठेवणारं त्यात काही नाही. त्यातले बहुतेक मातकट रंग लोखंडाच्या ऑक्साइडांचे: पिवळी पेवडी, तांबडा गेरू, तपकिरी अंबर, सगळी एकाच घरची भावंडं. म्हणून लक्ष्मीपुरीतल्या रंगाच्या दुकानात गेलो. पिवळा आणि लाल ऑक्साइड मागितला.

“फरशीला का भिंतीला?”

“ट्रॅक्टरला.”

“मग ऑइलपेंट घ्या की साहेब!”

अर्धा किलोच्या आत पुडी मिळत नाही, आणि मॉडेलवाल्याला अर्धा किलो म्हणजे नातवंडांपर्यंतची सोय. पण रंग अस्सल आणि उन्हात न उडणारा.

पेवडीची एक गंमत आहे. ती जुन्या तव्यावर भाजत राहिलं की हळूहळू तांबूस व्हायला लागते. पिवळेपणा देणाऱ्या खनिजाच्या घडणीत पाणी असतं. अडीचशे-तीनशे अंशांच्या आसपास ते निघून जातं आणि मागं लाल ऑक्साइड उरतं. चित्रकारांचा ‘बर्न्ट सिएना’ असाच भाजून होतो. सिएना हे इटलीतलं गाव, तिथली माती. दर पाच मिनिटांनी चिमूटभर काढून कागदावर ठेवली की पिवळ्यापासून विटकरीपर्यंत गंजाच्या सगळ्या छटा एका पुडीतून मिळतात. (तवा वेगळा ठेवावा. आमच्याकडं यावर चर्चा होऊन गेली आहे.)

घरात रंगीत पावडरी काय कमी असतात, असं वाटू शकतं. रांगोळी आहे, हळद आहे, कुंकू आहे. पण हळदीचा रंग उन्हात टिकत नाही, आणि रांगोळीचं गणित मापातच चुकतं. अर्ध्या मिलिमीटरचा कण ३२ पटीनं मोठा केला की १६ मिलिमीटर. म्हणजे ट्रॉलीवर धूळ नव्हे, खडी सांडली. दुकानातल्या पिगमेंटचे कण एका मायक्रॉनच्या (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या) आसपास किंवा त्याहून बारीक असतात; आपण खरे पैसे त्या बारीकपणाचे देतो, रंगाचे नव्हे.

हाच निकष काळ्या मातीला लावावा लागतो. नुसती चाळून भागत नाही. कुंभारांच्या बापट कॅम्पात गणपतीची माती तयार होताना ज्यांनी पाहिली आहे त्यांना वेगळं सांगायला नको: माती भरपूर पाण्यात कालवायची, जरा थांबायचं, खडे-वाळू तळाला बसली की वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओतायचं. त्याखाली जो गाळ बसतो तो वाळवून खलात घोटायचा. मात्र हा काळा रंग जसाच्या तसा वापरू नये. लहान वस्तूवर गडद रंग आणखी गडद दिसतो, ट्रॉली काजळीत लोळवल्यासारखी वाटते. त्यात थोडी शाडू मिसळली की वाळलेल्या चिखलाचा राखाडी रंग येतो. मडगार्डखाली हीच माती पाण्यात कालवून जाड थापली तर वाळताना तडकते, कारण काळी माती तडकतेच. तिथं तर मुद्दाम काही करावंच लागत नाही.

धातूची चमक पावडरीनं आणायची तर ग्रॅफाइट. आपल्याकडं फाउंड्र्यांचं गाव, साच्यांना लावायला ग्रॅफाइट लागतंच. ओळखीत कुणीतरी शिरोली एमआयडीसीत असतोच, चिमूटभर मिळून जातं. नाहीतर ६बी पेन्सिलीचं शिसं घासावं. बोटानं फाळक्याच्या कडेला चोळलं की प्लॅस्टिकचा पत्रा होतो. तामिया या जपानी मॉडेल कंपनीच्या पावडरीच्या छोट्या डब्याही चांगल्या, उघडल्या की मेकअपचं सामानच वाटतं, सोबत स्पंज आणि ब्रश. त्यातली पावडर जरा चिकट असते, म्हणून नवख्याला सोपी. पण कोपऱ्याकोपऱ्यांत साचलेली सुटी धूळ तिला जमत नाही.

आता बसवायचं कसं. खाली मॅट वार्निश हवंच. गुळगुळीत रंगावर पावडर ठरत नाही. पंखा बंद, तोंडाला मास्क. कोरडी पावडर ब्रशनं हवी तिथं सोडायची आणि कडेनं व्हाइट स्पिरिटचा (ऑइलपेंट पातळ करायच्या द्रवाचा) थेंब टेकवायचा, तो आपोआप आत शिरतो. ओलं असताना सगळं भलतंच काळं दिसतं, तेव्हा हात लावायचा नाही. वाळलं की रंग परत येतो. वरून वार्निशचा फवारा मारण्याच्या मी विरोधात आहे. निम्मी धूळ त्यात दिसेनाशी होते आणि जिच्यासाठी एवढी यातायात केली तो कोरडेपणाच जातो. मॉडेल उचलायचं तर चाकाला धरून उचलावं, बास.

राहिला गुलाल. हंगामाला पूजा होते, बॉनेटवर गुलाल पडतो, मग ट्रॅक्टर किती का धुवेना, पुढच्या जाळीच्या फटीत तो राहतोच. खरा गुलाल बहुतेक पिठावर चढवलेला रंग. अल्कोहोलवाला फिक्सर (पावडर धरून ठेवणारा द्रव) लागला की ओघळू शकतो. त्याऐवजी मऊ पेस्टलची गुलाबी कांडी ब्लेडनं खरवडावी आणि सुईच्या टोकावर येईल तेवढीच पूड जाळीत टाकावी, कोरडी, फिक्सरशिवाय. तिथं कुणाचं बोट पोचत नाही.