सहा सुळ्यांचा हत्ती

सोलापुरी चादरीचं जॅकार्ड डिझाइन करणाऱ्याला मोर, कमळ आणि हत्ती चुकत नाहीत. ग्राफवर चौकोन भरायचे, मग त्याबरहुकूम जॅकार्ड मागाला नक्षी सांगणाऱ्या पत्त्यांना भोकं पाडायची. हत्तीत सगळ्यात नडतो तो सुळा. वळण बारीक, चौकोनांत बसवलं की पायऱ्या दिसतात. त्यामुळे चीनच्या शांतुंग प्रांतातल्या तेंगशियेनचा, हान काळातला (साधारण दोन हजार वर्षांपूर्वीचा) कोरीव दगड फोटोत दिसला तेव्हा मी आधी सुळेच बघितले. दोन हत्ती, आणि दोघांनाही सहा-सहा!

सहा सुळ्यांचा म्हणजे आपला छद्दंत, जातककथांतला बुद्धाचा हत्तीचा जन्म. अजिंठ्याच्या १० आणि १७ नंबरच्या लेण्यांत त्याची गोष्ट रंगवलीय. मागच्या जन्मीचा डूख धरून राणी शिकाऱ्याला पाठवते, घायाळ हत्ती सुळे आपणहून देतो, आणि ते बघून राणीच प्राण सोडते. तेंगशियेनच्या दगडावर राणी नाही, शिकारी नाही. हत्ती आपले निघालेत.

इनर मंगोलियातल्या होरिंगेरच्या थडग्यात तर रंगवलेल्या पांढऱ्या हत्तीवर चक्क ‘सिद्धपुरुष’ स्वार आहे, तसं शेजारी लिहिलंयच. त्याच दालनात अमरत्व देणारी चिनी देवी, पश्चिमेची राणीमाताही आहे. वू हुंग या अभ्यासकांनी १९८६ साली हेच मांडलं: बुद्धाची चिन्हं तिथं आधी शुभ, अद्भुत वस्तू म्हणून शिरली, धर्म म्हणून नंतर रुजली. काहींना हे अडाणीपण वाटेल, मला अजिबात वाटत नाही. नक्षी अशीच फिरते. आमच्याकडे गिऱ्हाईक कधी मोराची कथा विचारत नाही, ‘उठाव आहे का’ एवढंच विचारतं. (सोलापूरकराला चीन म्हटलं की डॉ. कोटणीस आठवतात, मला आता हे हत्तीही आठवतात.)

सिंहाची गंमत वेगळीच. चीनमध्ये सिंह नव्हतेच, पश्चिमेकडच्या राजांनी ते नजराणा म्हणून पाठवले. शांतुंगमध्येच, ज्यासियांगच्या वू घराण्याच्या दफनभूमीत, दारावरच्या खांबांवर इ.स. १४७ चा लेख आहे. खांब घडवणाऱ्या गवंड्यांची नावं, खर्च १,५०,००० नाणी. पुढं, दगडी सिंह सुन झोंगनं केले, ४०,००० नाणी. कारागिराचं नाव आणि मजुरी, दोन्ही दगडात! माझा एक मोर कुणाकुणाच्या मागावर विणला जातोय, आणि मला त्याचा हिशोब अजून कुणी दाखवलेला नाही.