‘मराठवाड्यात ऊसबंदी हवी’: मुद्दे गोळा कसे करायचे, क्रम कसा लावायचा

मुद्दे शोधायला बसण्याआधी विधान फोडा. बंदी लागवडीवर की नव्या कारखान्यांवर? सगळ्या मराठवाड्यात की ठरावीक तालुक्यांत? हे ठरलं नाही, तर दोन्ही बाजू वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत राहतात.

मग प्रत्येक मुद्दा ‘कारण’ने सुरू होणाऱ्या एकाच वाक्यात लिहा. ‘ऊस पाणी पितो’ हे चाळीस जणांनी लिहिलं तरी ओळ एकच. गूगलवर वर दिसतं ते बहुतेकदा जास्त फिरलेलं असतं, वजनदार असेलच असं नाही.

क्रम लावताना दोनच प्रश्न: हे खरं आहे का, आणि खरं असेल तर विधान कितपत हलतं? 2016 साली मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं. शंभर टक्के खरं, भाषणात टाळ्या घेणारं, तरी माझ्या यादीत तळाला. शहर तहानलेलं होतं एवढंच त्यातून कळतं. पाणी उसानेच संपवलं, हे वेगळं दाखवावं लागतं.

कृषी खर्च व मूल्य आयोगाच्या अहवालांतला आकडा जड आहे: लागवडीखालच्या जमिनीपैकी 4 टक्क्यांहून कमी क्षेत्रातला ऊस सिंचनाचं सुमारे 70 टक्के पाणी घेतो. पण तो अख्ख्या राज्याचा आहे; मराठवाड्याला जसाच्या तसा चिकटवू नका. त्यावर उत्तर येतं की ऊस वर्ष-दीड वर्ष शेतात उभा असतो, तेव्हा पाणी दिवसावर मोजा. बरोबर, पण एप्रिल-मे महिन्यांत, धरणं तळाला गेलेली असतानाही त्याला पाणी लागतं. बंदीच्या बाजूचा सगळ्यात मजबूत मुद्दा मला हाच वाटतो.

विरोधी बाजूला ‘शेतकऱ्याचं स्वातंत्र्य’ वर ठेवायचा मोह होतो. त्याहून भक्कम मुद्दा एफआरपीचा, म्हणजे केंद्र सरकारने ठरवलेल्या उसाच्या किमान दराचा. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार कारखान्याने 14 दिवसांत पैसे द्यायचे असतात. थकबाकी राहतेच, पण मागायला कायदा तरी आहे. तूर-सोयाबीनचा हमीभाव व्यापाऱ्यावर बंधनकारक नाही. मग उसाऐवजी लावायचं काय, हा प्रश्न बंदीवाल्यांना टाळता येत नाही.

ठिबकला मात्र तिसरा रकाना करा. लोक तो बंदीच्या विरोधात टाकतात, पण वाचलेल्या पाण्यावर आणखी दोन एकर ऊस लागला तर तोच मुद्दा बाजू बदलतो.