एल वन कोण होणार ते पहिल्या पाकिटातच ठरतं

लोक विचारतात, सगळ्यात कमी रेट टाकला, म्हणजे एल वन झालो, की सरकारी काम मिळतं ना? मिळतं, पण तुमचं दुसरं पाकीट उघडलं तर. पीडब्ल्यूडी असो, झेडपी असो नाहीतर महापालिका, महाटेंडर्स या सरकारी टेंडरच्या साइटवर दोन पाकिटं भरायची, पहिलं कागदपत्रांचं, दुसरं दराचं, आणि पहिल्यात बाद झालात की दुसरं कोणी उघडत नाही, मग त्यात फुकट करून देतो असं लिहिलेलं असलं तरी.

म्हणून खरी मारामारी अटींची. टर्नओव्हर, तशाच कामाचा अनुभव, इएमडी म्हणजे बयाणा रक्कम, हे ठीकच आहे, कुणालाही काम देऊन चालत नाही. पण रस्त्याच्या टेंडरात हॉट मिक्स प्लांट, म्हणजे डांबर-खडी मिसळायचा, साइटपासून अमुक किलोमीटरच्या आत पाहिजे असं आलं की तिथे कुणाचा प्लांट आहे हे अख्ख्या तालुक्याला माहीत असतं. त्याहून भारी म्हणजे स्थळपाहणीचा दाखला. सगळं ऑनलाइन केलं ते कोण भरतंय हे आधी कळू नये म्हणून, आणि इथे आपणच ऑफिसात जाऊन इंजिनिअरची सही मागायची! एका नगरपरिषदेत मी गेलो तर साहेब मीटिंगला, दुसऱ्या दिवशी साइटवर, आणि संध्याकाळी अनोळखी नंबरवरून फोन, "शेठ, या कामात कशाला पडताय".

पहिल्या कॉलला, म्हणजे टेंडर पहिल्यांदा काढल्यावर, तीन जणांनी तरी भरावं लागतं, नाहीतर मुदतवाढ. त्यामुळे ज्याचं काम मॅनेज असतं तो दोन सपोर्टिंग, म्हणजे नावापुरते भरणारे, सोबतच आणतो. एक एस्टिमेटच्या साडेचार टक्के अबव्ह म्हणजे वर, दुसरा पाच, आणि ज्याचं काम ठरलंय तो 0.9 बिलो म्हणजे खाली. तक्त्यात स्पर्धा दिसते, फाइल पुढे.

जिथे खरंच स्पर्धा होते तिथे उलटा तमाशा, 40 लाखांचं एस्टिमेट 28 टक्के बिलो म्हणजे 28 लाख 80 हजारात. एवढं खाली गेलं की जादा सुरक्षा ठेव मागतात, तरी लोक जातात, मग डांबर कुठे वाचवतात ते पावसात कळतं.

केंद्राने ऑक्टोबर 2021 मधे कामांसाठीही क्यूसीबीएसची मुभा दिली, म्हणजे नुसता दर न बघता क्वालिटीलाही मार्क, जास्तीत जास्त 30 टक्के वजन. ऐकायला बरं आहे, पण मार्क देणार कोण, प्लांटची अट घालणारेच ना.

मला विचाराल तर प्री-बिडला, म्हणजे टेंडर भरायच्या आधीच्या बैठकीला, प्रश्न लेखीच टाका, तोंडी बोललेलं हवेत जातं. प्लांटचं अंतर आम्ही एकदा असंच वाढवून घेतलं, कोरिजेंडम म्हणजे शुद्धिपत्रक निघालं. काम मात्र तिसऱ्याच पार्टीला गेलं, 22 टक्के बिलो.