तोगित्सु ते निशिझाका: संत गोन्सालोंची शेवटची सकाळ

संत गोन्सालो गार्सिया वसईचे, पण त्यांची वाट जपानात आहे. कैदी म्हणून त्यांना क्योतोपासून नागासाकीपर्यंत नेलं, सुमारे ८०० किलोमीटर, तेही जानेवारीच्या थंडीत. सगळी चालायची तर महिना हवा. आम्ही शेवटचा तुकडा धरला: तोगित्सु बंदर ते निशिझाका टेकडी, दहा-बारा किलोमीटर. वसईहून जाणाऱ्याने निदान एवढा तरी पायी करावा.

४ फेब्रुवारी १५९७ ला सोनोगीहून होड्यांतून ओमुराचं आखात ओलांडून गोन्सालोंसह २६ ख्रिस्ती कैद्यांना तोगित्सुला आणलं. रात्रभर होडीतच ठेवलं, हात बांधलेले. सकाळी निशिझाकाला चालवत नेलं, क्रुसावर चढवायला. उतरल्या जागी आता स्मारकाचा दगड आहे. गावाला रेल्वे नाही. नागासाकी स्टेशनवरून बस मिळते. गावाचं नाव जपानी लिपीत कागदावर लिहून घ्या, कारण आपल्या उच्चाराने ड्रायव्हरला काही कळत नाही.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला सूर्य सव्वासातला उगवतो. साडेसहाला निघालं तर पहिला पाऊण तास अंधाराचा, म्हणून टॉर्च आणि अंगावर चमकती पट्टी लागतेच. सकाळी निघायचं ते त्या दिवसाची वेळ पाळायला. दुपारची ऊन्हं धरून निघालेली वारी निशिझाकाला पोचते तेव्हा म्युझियम बंद व्हायला आलेलं असतं. पाचनंतर आत सोडत नाहीत.

रस्ता रम्य वगैरे नाही. बराचसा भाग वाहतुकीच्या हमरस्त्याला लागून, अरुंद फुटपाथवरून. मोठ्याने रोझरी म्हणत, दोघा-दोघांनी चालायची आपली सवय इथे मोडते. पुढच्याचा आवाज मागे पोचत नाही, मागचे 'नमो मरिया' एक ओळ उशिरा म्हणतात आणि सगळी माळ विस्कटते. एकेरी रांग, मनातल्या मनात माळ, आणि प्रत्येक दशकानंतर, म्हणजे दहा मण्यांनंतर, थांबून एकत्र 'हे आमच्या बापा', असं केलं की जमतं. मिचिनोओजवळ हलका चढ आहे, पुढे उराकामीकडे उतार. तळपायाला फोड येतात ते उतारावर, बोट बुटाच्या टोकाला घासून. तिथे नाडी पुन्हा आवळून घ्यावी.

उराकामीत कुष्ठरोग्यांच्या रुग्णालयाचं छोटं चॅपेल होतं. २६ जणांपैकी पाउल मिकी आणि त्यांच्या दोघा सोबत्यांना, हे तिघे जेझुइट या धर्मसंघाचे, तिथे थांबायला थोडा वेळ मिळाला. आता या भागात कॅथेड्रल आहे. १९४५ च्या बाँबने आधीचं पाडलं, हे नंतरचं. पाणी आणि बाथरूमसाठी थांबायची जागा हीच.

इथेच एक दुरुस्ती. आपल्याकडे भाषणात सर्रास 'फादर गोन्सालो' म्हणतात. ते फादर, म्हणजे धर्मगुरू, नव्हते. वडील पोर्तुगीज, आई कोकणातली. वसईत जेझुइटांकडे शिकून कोवळ्या वयात जपानला गेले, तिथली भाषा घोटली. जेझुइट संघात प्रवेश मिळाला नाही, म्हणून मकाऊत व्यापार केला, आणि मनिलात फ्रान्सिस्कन या दुसऱ्या संघात ब्रदर झाले. १५९३ मध्ये फ्रान्सिस्कन फादर पेद्रो बाउतिस्ता यांच्यासोबत जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या दरबारात गेले ते दुभाषे म्हणून. जो माणूस बोलणं समजावून द्यायला आणला होता, त्यालाही डाव्या कानाची पाळी कापून, गाड्यावर बसवून गावभर फिरवलं.

निशिझाका टेकडी नागासाकी स्टेशनपासून पाचच मिनिटं, पण चढण ताठ आहे आणि दहा किलोमीटरनंतर ती जाणवते. वर २६ जणांची ब्राँझची रांग आहे, १९६२ ची. म्हणजे संतपद मिळाल्याला शंभर वर्षं झाली तेव्हाची. तीन मूर्ती बाकीच्यांपेक्षा बुटक्या दिसतात, ती मुलं. सर्वांत लहान ल्युदोव्हिको बारा वर्षांचा. पण बघायचे ते पाय. एकाचाही पाय जमिनीला टेकलेला नाही. सगळ्यांचे पंजे खाली सैल लोंबतात, बोटं टोकदार. क्रुसावर खिळे नव्हते, दोर आणि लोखंडी कड्या होत्या; जीव घेतला तो भाल्यांनी.

मेणबत्ती आणली असेल तर काचेच्या पेल्यात लावा. टेकडीवर खाडीचा वारा असतो, उघडी टिकत नाही. स्मरणदिन जपानात ५ ला आणि जागतिक कॅलेंडरमध्ये ६ ला येतो. त्यामुळे तिकीट काढण्याआधी तिथली मिस्सा कोणत्या दिवशी आहे ते विचारून घ्या, नाहीतर एक दिवस उशिरा पोचाल.