नर्सरी नर्सचा पगार : तीन नोकऱ्या, तीन पे-स्लिपा

"वहिनी, नर्सरी नर्सला नेमका पगार किती मिळतो हो?" असे माझ्या धाकट्या चुलत नणंदेने गेल्या महिन्यात विचारले, आणि एका आकड्यात उत्तर देता येईना तेव्हा माझी मलाच गंमत वाटली. इंग्लंडमध्ये मी गेली दहा-अकरा वर्षे हेच काम करते आहे. आधी एका खाजगी नर्सरीत केले, मग कौन्सिलच्या (म्हणजे स्थानिक स्वराज्य संस्थेच्या) शाळेला जोडलेल्या नर्सरी वर्गात, आणि आता एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेत, लहान मुलांच्या घरी जाऊन त्यांच्या आरोग्याकडे पाहणाऱ्या हेल्थ व्हिजिटरांच्या पथकात करते. तिन्ही ठिकाणी पदाचे नाव तेच होते, हातातले लेव्हल थ्रीचे (साधारण बारावीच्या तोडीचे) प्रमाणपत्र तेच होते आणि समोरची मुलेही पाच वर्षांच्या आतलीच होती. पगार, रजा, आजारपणाचे पैसे आणि पेन्शन मात्र तिन्ही ठिकाणी इतके वेगळे होते की, त्या पे-स्लिपा शेजारी शेजारी ठेवल्या तर त्या एकाच व्यवसायातल्या आहेत असे कोणालाही वाटू नये.

आधी नावाविषयी सांगितले पाहिजे, कारण अर्धा घोटाळा तिथेच आहे. नर्सरी नर्स ही रुग्णालयातली परिचारिका नव्हे. परिचारिकांच्या अधिकृत नोंदवहीत तिचे नाव नसते आणि ती शिक्षिकाही नसते. नॅशनल नर्सरी एक्झामिनेशन बोर्ड १९४५ मध्ये स्थापन झाले आणि त्या बोर्डाची 'एनएनईबी' ही पदविका पुढची कित्येक दशके या कामाची ओळख होती. माझ्या पहिल्या नर्सरीतल्या पन्नाशीच्या सहकारी बाई अजूनही "मी एनएनईबी आहे" असे मान ताठ करून सांगत. २०१४ पासून लेव्हल थ्रीच्या पात्रतेला 'अर्ली इयर्स एज्युकेटर' म्हणतात आणि जाहिरातींमध्ये बहुधा 'प्रॅक्टिशनर' असे लिहिलेले असते. परिचारिकांना एनएचएसचे वेतनकोष्टक असते, सरकारी शाळांतल्या शिक्षकांना त्यांचे राष्ट्रीय वेतनमान असते; खाजगी नर्सरीतल्या नर्सरी नर्सला यांपैकी काहीच लागू होत नाही. तिचा पगार मालक ठरवतो, आणि मालकाला खालून अडवणारी रेषा एकच, ती म्हणजे किमान वेतनाचा कायदा.

त्या रेषेच्या अगदी लगत या व्यवसायातला फार मोठा वर्ग उभा आहे. २१ वर्षे आणि त्यावरील वयाच्या कामगारांसाठी एप्रिल २०२५ मध्ये हा दर तासाला १२.२१ पौंड झाला. आठवड्याला ४० तास धरले तर वर्षाला सुमारे २५,४०० पौंड होतात. १८ ते २० वर्षांच्या मुलींना तासाला १० पौंड, आणि १९ वर्षांखालील किंवा पहिल्या वर्षात असलेल्या अप्रेंटिसला ७.५५ पौंड ठरले. वयाचा हा फरक पगारावर परिणाम करणाऱ्या गोष्टींमध्ये बहुतेकांच्या लक्षात येत नाही, पण नर्सरी चालवणाऱ्यांच्या तो चांगला लक्षात असतो. सोळा वर्षांची अप्रेंटिससुद्धा, ती सक्षम आणि जबाबदार आहे असे नर्सरीने ठरवले की, 'इतक्या मुलांमागे एक कर्मचारी' या सक्तीच्या प्रमाणात मोजता येते. मी होते त्या खोलीत एक सतरा वर्षांची मुलगी माझ्याइतकीच नॅपी बदलत होती आणि माझ्याइतकीच बाळे झोपवत होती, फक्त माझ्या पगाराच्या दोन-तृतीयांशापेक्षाही कमी पैशांत.

आता त्या 'प्रमाणा'कडे येते, कारण माझ्या मते या सगळ्या प्रकरणाची किल्ली तिथे आहे. इंग्लंडच्या नियमांनुसार दोन वर्षांखालील तीन बाळांमागे एक कर्मचारी लागते. दोन वर्षांच्या मुलांसाठी हे प्रमाण सप्टेंबर २०२३ पासून चारावरून पाचावर गेले. तीन वर्षांपुढे ते आठाला एक आहे, आणि पदवीधर शिक्षिका प्रत्यक्ष वर्गात असेल तर तेराला एक. गणित अगदी साधे आहे. १२.२१ पौंडांचा तास तीन बाळांमध्ये वाटला तर प्रत्येकी ४.०७ पौंड होतात, आठ मुलांमध्ये वाटला तर १.५३ पौंड. म्हणजे निव्वळ वेतनाचा विचार केला तर बाळाचा एक तास तीन वर्षांच्या मुलाच्या तासापेक्षा अडीचपटीहून जास्त महाग पडतो, आणि त्यात मालकाचा राष्ट्रीय विमा (पगारावर मालकाने सरकारला भरायचा हप्ता), पेन्शनचा वाटा, वर्षाची ५.६ आठवड्यांची भरपगारी रजा, भाडे, वीज आणि जेवण हे धरलेलेच नाही. कारखान्यात नवे यंत्र आणून एका माणसाकडून दुप्पट माल काढता येतो. इथे एका बाईने सहा बाळे सांभाळायची म्हटले तर कायदा आडवा येतो, आणि तो यायलाच हवा. त्यामुळे पगार तासाला एक पौंडाने वाढवायचा तर तो भार थेट तीन बाळांच्या आईबापांवर किंवा सरकारवर जातो, दुसरी वाट नसते. आईवडील महिन्याच्या फीचा आकडा पाहून "एवढे पैसे जातात कुठे?" असे विचारतात आणि खोलीतली बाई आपला पगार पाहून तोच प्रश्न विचारते. दोघांनाही ते गणित कोणी मांडून दाखवत नाही.

यातली खरी विसंगती पुढेच आहे. ज्या खोलीचा खर्च सर्वाधिक, त्या बेबी रूममधल्या बायकांना त्याचा एक पेन्सही जास्त मिळत नाही. उलट, थोडा अनुभव आला की चांगल्या बायकांना मोठ्या मुलांच्या खोलीत पाठवले जाते आणि बाळांकडे नवख्या मुली येतात. सर्वांत अवघड वय सर्वांत कमी पगारावर सोपवायचे, हे मला खाजगी नर्सरीतल्या चार वर्षांत कधीच पटले नाही.

पात्रतेने पगार वाढतो का, हा नणंदेचा दुसरा प्रश्न होता. वाढतो, पण किती ते ऐकून तिचा चेहरा पडला. लेव्हल टूवरून लेव्हल थ्री झाले तेव्हा माझा दर तासाला ३५ पेन्सनी वाढला. रूम लीडर झाल्यावर आणखी ५० पेन्स मिळाले, आणि त्याबरोबर सात जणींचे वेळापत्रक, पालकांच्या तक्रारी आणि तपासणीच्या आदल्या रात्रीचे जागरण आले. पुढची अडचण अशी की किमान वेतन २०१६ मधल्या ७.२० पौंडांवरून २०२५ मध्ये १२.२१ वर गेले, म्हणजे सुमारे सत्तर टक्क्यांनी वाढले, आणि ते चांगलेच झाले. परंतु वरच्या पायऱ्यांचे दर त्या वेगाने सरकले नाहीत. तळ वर आला आणि छत जागेवर राहिले. दर एप्रिलमध्ये व्यवस्थापिकेचे पत्र येई की तुमच्या मेहनतीची दखल घेऊन पगार वाढवण्यात येत आहे. पत्रातली रक्कम पेन्सापर्यंत कायद्याने ठरवलेलीच असे.

पदवीचेही तेच. 'अर्ली इयर्स टीचर' हा दर्जा २०१३ पासून मिळू लागला. तो मिळवण्यासाठी पदवी लागते, वर्षभराचे प्रशिक्षण लागते, आणि तरीही तो दर्जा शाळेतल्या शिक्षकाच्या दर्जाबरोबरचा धरला जात नाही, त्यामुळे शिक्षकांचे वेतनमान लागू होत नाही. लंडनबाहेर नव्या शिक्षकाचा पगार सप्टेंबर २०२५ पासून ३२,९१६ पौंडांवर सुरू होतो. नर्सरीतल्या 'टीचर'ला तेवढा द्यावा असे कोणावरही बंधन नाही. माझी एक हुशार मैत्रीण हा दर्जा घेऊन दोन वर्षे थांबली आणि मग प्राथमिक शाळेत निघून गेली. तिला दोष कसा देणार?

तासाच्या दरात न दिसणाऱ्या गोष्टींवर मी थोडे सविस्तर लिहिते, कारण नोकरी धरताना मी त्यांतले काहीच विचारले नव्हते. पहिली गोष्ट म्हणजे बिनपगारी तास. त्या खाजगी नर्सरीत अन्नसुरक्षा, बालसुरक्षा, ॲलर्जी असे ऑनलाइन कोर्स घरी, रात्री, आपल्या वेळात करावे लागत. मालकाने सक्तीचे केलेले प्रशिक्षण हे कामाच्या तासांत धरायचे असते आणि त्यामुळे तासाचा दर किमान वेतनाखाली गेला तर तो कायद्याचा भंग ठरतो, हे मला युनियनच्या बाईंनी सांगेपर्यंत ठाऊक नव्हते. काळ्या पँटचेही तसेच. विशिष्ट रंगाचे कपडे स्वतःच्या पैशाने घ्यायला लावले आणि पगार किमान वेतनाला टेकलेला असला, तर तो खर्चही हिशेबात येतो. आम्ही बाराजणी मुकाट्याने पँटी विकत घेत होतो.

दुसरी गोष्ट आजारपणाची. पहिल्या हिवाळ्यात बेबी रूममध्ये काम करणारी बाई आजारी पडत नाही, असे होत नाही. उलट्या-जुलाब झाले तर शेवटच्या लक्षणानंतर ४८ तास कामावर यायचे नाही, हा नियम मुलांप्रमाणे आम्हालाही लागू. मात्र खाजगी नर्सरीत मला फक्त कायद्याने ठरवलेले आजारपणाचे पैसे मिळत आणि त्या वेळच्या नियमाप्रमाणे पहिल्या तीन दिवसांचे काहीच मिळत नसे. म्हणजे मुलाकडून आलेला आजार, कामावर येऊ नको म्हणणारा नियम, आणि दोन-तीन दिवसांचा बुडालेला पगार, हे तिन्ही एकाच खोलीतून येत. २०२५-२६ मध्ये कायद्याने मिळणारी आजारपणाची रक्कम आठवड्याला ११८.७५ पौंड होती. त्यात भाडे भरणारीला घरी बसणे परवडत नाही, आणि म्हणून नाक पुसत कामावर येणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. मीही त्यांतलीच एक होते.

सरकारचा हात या पगारात किती खोल गेला आहे हे अलीकडे अधिक स्पष्ट झाले. सप्टेंबर २०२५ पासून इंग्लंडमधल्या नोकरदार आईवडिलांना नऊ महिन्यांच्या बाळापासून शाळेपर्यंत, वर्षातले ३८ आठवडे, आठवड्याला तीस तास सरकारी पैशाने मिळतात. त्या तासांचा दर सरकार ठरवते, कौन्सिलमार्फत तो नर्सरीला मिळतो आणि त्या तासांसाठी पालकांकडून वरची फी घेता येत नाही. आई म्हणून मला या योजनेने मोठा आधार दिला, हे मान्य केलेच पाहिजे. पण बहुतेक तासांचे गिऱ्हाईक सरकारच झाले की पगाराची कमाल मर्यादाही तिथेच ठरते. त्यात एप्रिल २०२५ मध्ये मालकाचा राष्ट्रीय विमा १३.८ वरून १५ टक्के झाला आणि तो वार्षिक ९,१०० ऐवजी ५,००० पौंडांपासूनच्या पगारावर लागू झाला. अर्धवेळ बायकांच्या जोरावर चालणाऱ्या धंद्याला हा बदल विशेष झोंबला.

कौन्सिलच्या शाळेत गेले तेव्हा पहिल्यांदा पगाराचे कोष्टक हा प्रकार पाहिला. स्थानिक स्वराज्य संस्थांच्या राष्ट्रीय वेतनश्रेणीत एप्रिल २०२५ मध्ये तळाची पायरी २४,४१३ पौंडांची होती आणि नर्सरी नर्स बहुधा त्याच्या काही पायऱ्या वर असते. हे वाचून मी हुरळले आणि जाहिरातीतल्या 'टर्म टाइम ओन्ली' या तीन शब्दांकडे नीट पाहिले नाही. हा आकडा वर्षभर, आठवड्याला ३७ तास काम करणाऱ्यासाठी असतो. शाळेच्या सत्रापुरते, आठवड्याला साडेबत्तीस तास काम केले तर तळाच्या पायरीचे प्रत्यक्षात साधारण १८ हजार उरतात, आणि तेच बारा महिन्यांत वाटून मिळतात. रजा मुलांच्या सुट्ट्यांशी जुळतात, पेन्शन उत्तम असते, आजारपणात पगार चालू राहतो. पण एकटीच्या कमाईवर घर चालवणारीने ही नोकरी धरताना दोनदा हिशेब करावा.

एनएचएसमध्ये नर्सरी नर्स बहुधा बँड थ्री किंवा बँड फोर या वेतनश्रेणीत असते. २०२५-२६ मध्ये इंग्लंडमध्ये बँड थ्री २४,९३७ ते २६,५९८ आणि बँड फोर २७,४८५ ते ३०,१६२ पौंडांचा होता. लंडनच्या आतल्या भागात त्यावर वीस टक्के किंवा थोडा जास्तच भत्ता मिळतो. मी बँड फोरमध्ये आहे. दोन वर्षांच्या मुलांची विकासतपासणी, झोपेच्या आणि खाण्याच्या तक्रारी घेऊन येणाऱ्या आयांच्या भेटी, हे माझे काम. खाजगी नर्सरीत जे आठ तास वाकून, उचलून करत होते त्यापेक्षा हे अंगाला हलके आहे आणि पैसे जास्त आहेत. अशा जागा मात्र मोजक्याच निघतात. घरोघरी नॅनी म्हणून जाणाऱ्यांची कमाई याहून वर जाऊ शकते, विशेषतः लंडनमध्ये, पण तो सगळा व्यवहार एका कुटुंबाशी असतो आणि ते कुटुंब गाव सोडून गेले की नोकरीही जाते.

पगार वाढवून घेण्याचा सामूहिक प्रयत्न झालाच नाही असे नाही. स्कॉटलंडमधल्या कौन्सिलच्या नर्सरी नर्सेस २००४ मध्ये युनिसन या कामगार संघटनेच्या झेंड्याखाली बेमुदत संपावर गेल्या. त्यांच्या श्रेणीचा फेरविचार १९८८ नंतर झालेला नव्हता. मागणी साऱ्या देशासाठी एकच दर मिळावा अशी होती. कित्येक आठवडे संप चालला आणि शेवटी प्रत्येक कौन्सिलशी वेगवेगळे करार होऊन तो मिटला, त्यामुळे एकाच कामाचा दर गावागणिक वेगळा राहिला. खाजगी नर्सरीत तर संपाचा विचारही अवघड, कारण एका छताखाली दहा-पंधरा जणी असतात, प्रत्येकीचा जीव आपापल्या मुलांत अडकलेला असतो आणि बाहेर पडले तर प्रमाण मोडून खोली बंद होते. जवळजवळ सगळ्या बायकाच असलेल्या या कामाला 'मुलांची आवड' हाच निम्मा मोबदला धरला जातो, आणि मुलाखतीतही पगाराआधी तीच विचारली जाते.

नणंदेने कोर्सला नाव घातले आहे. तिला मी चार प्रश्न कागदावर लिहून दिले: आजारपणाचे पैसे कायद्यापुरतेच आहेत की जास्त, प्रशिक्षणाचे तास धरता का, लेव्हल थ्री झाल्यावर दर किती पेन्सनी वाढेल, आणि जाहिरातीतला वार्षिक आकडा किती आठवड्यांचा आहे. पहिल्याच मुलाखतीत तिने चौथा प्रश्न विचारला, तेव्हा समोरच्या बाईंनी फाइल चाळली आणि "कळवतो" म्हणाल्या. अजून कळवलेले नाही.