एका रुपयाचा फरक

बी.एस्सी. कॉम्प्युटर झाल्यावर दीड वर्ष मी व्हिडिओ बघून प्रोग्रॅमिंग शिकत होतो. टू-डू लिस्ट झाली, कॅल्क्युलेटर झाला, हवामान दाखवणारं पान झालं. समोरचा टाइप करेल ते टाइप करायचं आणि चाललं की खूश व्हायचं. कोरी फाइल उघडली की मात्र पहिली ओळ सुचायची नाही.

चोपडा तालुक्यात आमची केळी आहे, ऑक्टोबरात लावलेली; अशा केळीला आमच्याकडे कांदेबाग म्हणतात. कापणी लागली की दादा रोज वहीत लिहितात: घड, वजन, भाव, मजुरी, उचल. ती वहीच पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत उतरवायचं ठरवलं. डेटाबेस एसक्यूलाइट घेतला. त्याला वेगळा सर्व्हर लागत नाही, सगळा हिशोब एका फाइलीत मावतो. आठवडाभरात बेरजा दिसू लागल्या. मीही जरा फुशारलो होतो.

दादांनी पहिल्याच पानावर बोट ठेवलं. साडेसात क्विंटल, भाव ११५१. वहीत ८६३३, माझ्याकडे ८६३२.

"हाऊ रुपया कोठे गया?"

मी म्हटलं, एका रुपयाने काय होतं. त्यावर उत्तर आलं, "वही बरोबर शे. तुना कंप्युटर खोटा शे."

मला वाटलं, हा दशांशाचा घोळ. पायथनला ०.१ आणि ०.२ ची बेरीज विचारली तर ०.३०००००००००००००००४ येते, हे मी कुठेतरी वाचलं होतं. म्हणून सगळ्या रकमा रुपयांऐवजी पैशांत, म्हणजे पूर्णांकात ठेवल्या. अर्धा प्रोग्रॅम उसवावा लागला. तरी शेवटी रुपये करताना ८६३२.५० चे ८६३२च! त्याहून विचित्र म्हणजे त्याच भावाची साडेआठ क्विंटलची नोंद बरोबर येत होती: ९७८३.५० चे ९७८४, वहीतही तेवढेच. एक चूक, एक बरोबर. दोन रात्री मी त्या दोन ओळींकडे नुसता बघत होतो.

अखेर पायथनची कागदपत्रं उघडली. (हे पहिल्या रात्रीच करायला हवं होतं, पण व्हिडिओची सवय.) तिथे सरळ लिहिलं होतं: आकडा बरोबर मध्यावर असेल तर राउंड हे आकडा पूर्ण करून देणारं फंक्शन जवळच्या सम संख्येकडे जातं. ८६३२ सम म्हणून खाली आला, ९७८४ सम म्हणून वर गेला. असं करण्यामागे कारणही आहे. प्रत्येक अर्धा वरच ढकलला तर हजारो नोंदींची बेरीज हळूहळू फुगत जाते. पण आमच्याकडे आठ आणे म्हणजे पुढचा रुपया. पायथनमधल्या डेसिमल या दशांश हिशोबाच्या मॉड्यूलमध्ये 'अर्धा वर' हा नियम सांगता येतो. तो लावला आणि रुपया परत आला.

मग मागच्या हंगामाच्या वहीतल्या ४० नोंदी काढून त्यांच्या टेस्ट केल्या, म्हणजे प्रोग्रॅमचं उत्तर वहीशी आपोआप ताडून बघायची सोय. टेस्ट हा शब्द तोवर फक्त अभ्यासक्रमात ऐकलेला. चालवल्या तर तीन नापास. दोन चुका माझ्या होत्या. तिसरीत दादांचाच हातचा धरायचा राहिला होता. चहाच्या वेळी दाखवलं. त्यांनी पुन्हा मांडून पाहिलं, खोडलं आणि काही न बोलता पेन खिशाला लावलं.

त्यानंतर मोबाइलवर नोंद करता यावी म्हणून छोटं वेबपान केलं. दादांचा कीबोर्ड मराठी, त्यांनी '७५०' टाइप केलं आणि पान गप्प. वेबपानाच्या मागे चालणाऱ्या जावास्क्रिप्ट या भाषेला देवनागरी आकडे संख्या म्हणून कळत नाहीत. पायथनला मात्र कळतात! हे कळल्यावर आकडा तपासायचं काम मी पायथनकडेच नेलं. मी स्वतः टेस्ट करताना इंग्रजी आकडेच टाइप करत होतो, त्यामुळे मला हे कधी दिसलंच नसतं.

आता दादा आधी वहीत लिहितात, मग मोबाइलवर, आणि दोन्ही आकडे जुळले की वही मिटतात. शेजारचे नाना विचारत होते, मजुरांची उचल हप्त्याहप्त्याने कापता येईल का. ते सध्या चालू आहे. एका मजुराने मध्येच परत उचल घेतली की माझी बेरीज अजून चुकते.