दोन कागदांचा भार, गिझरएवढी वीज

भाच्याने विचारलं, "मामा, आयन इंजिनाला एवढी वीज कशाला लागते?" मी छातीठोकपणे सांगून टाकलं, अणूतून इलेक्ट्रॉन काढायला. रात्री आकडे मांडून बघितले आणि माझा पचका झाला.

या इंजिनाचं इंधन म्हणजे झेनॉन वायू. त्याच्या अणूतून एक इलेक्ट्रॉन सोडवायला 12 इलेक्ट्रॉन-व्होल्ट (अणूंच्या हिशोबातलं ऊर्जेचं एकक) पुरतात. नासाच्या 'डॉन' यानाच्या इंजिनात तो आयन, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेला अणू, पुढे भोकंच भोकं असलेल्या दोन जाळ्यांमधून जातो, आणि तिथे त्याला हजारभर व्होल्टचा धक्का बसतो, म्हणजे हजारभर इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा. कित्येक आयन वाटेत भिंतीवर आपटून पुन्हा साधे अणू होतात, त्यामुळे सोडवण्याचा खर्च 12 वर थांबत नाही हे खरं. तरी मोठं बिल पळवण्याचंच. (बाहेर पडलेल्या झोतात इलेक्ट्रॉनही सोडावे लागतात. नाहीतर यानावर ऋण विद्युतभार साचून आयन मागे ओढले जातील. ही युक्ती मला फार आवडते.)

पळवायचं किती, तर सेकंदाला 30 किलोमीटर वेगाने. झेनॉन जातो सेकंदाला जेमतेम 3 मिलिग्रॅम. मिळणारा रेटा 90 मिलिन्यूटनच्या आसपास. छपाईचे दोन ए-फोर कागद तळहातावर ठेवून बघा, भार साधारण तेवढाच. आणि त्यासाठी वीज 2300 वॅट, म्हणजे गिझर चालेल इतकी! मला वाटलं, एखादं शून्य चुकलं. पुन्हा केलं, तेच आलं.

गोम अशी आहे की रेटा वेगाच्या पटीत वाढतो, ऊर्जा मात्र वेगाच्या वर्गाच्या. तेवढाच रेटा सेकंदाला 3 किलोमीटरच्या झोताने मिळवला, तर वायू दहापट जाईल, पण झोतातली ऊर्जा दहावा हिस्सा लागेल. म्हणजे आपण वीज मोजून इंधन वाचवतोय. शिवाय रासायनिक रॉकेटात ती ऊर्जा इंधनातच असते. झेनॉन बिचारा निष्क्रिय वायू, तो पदरचं काही आणत नाही.

सगळा भार सौरपंखांवर, म्हणजे उन्हातून वीज करणाऱ्या पॅनेलांवर. 'डॉन'चे पंख एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे 20 मीटर. पृथ्वीजवळ त्यांतून 10 किलोवॅट मिळत, सूर्यापासून बऱ्याच लांबच्या सेरेस या बटुग्रहापाशी जेमतेम 1.3. म्हणून तिथे इंजिन मंद करूनच चालवावं लागलं.

भाच्याला अजून फोन केलेला नाही.